स्विंडन टाउन युरोपात खेळले की नाही? एका पैजेचा निकाल

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे म्हापशाचे. सहा वर्षांपासून इंग्लंडात स्विंडनला एका गोदामात कामाला आहेत. त्यांच्या पाळीत दोन माणसे आहेत. एक आर्सेनलचा भक्त, तो म्हणतो, "स्विंडन? ते कधी युरोपात खेळलेच नाहीत." दुसरा तिथलाच जुना माणूस, तो म्हणतो, "आम्ही रोमाला हरवलंय आणि नापोलीला त्यांच्या घरात जाऊन मारलंय, आमच्याकडे दोन करंडक आहेत." शुक्रवारच्या जेवणाची पैज लागली आहे आणि निकाल द्यायचे काम आपल्या गोंयकाराच्या गळ्यात पडले आहे. त्याने ते माझ्या गळ्यात टाकले, कारण मी तीस वर्षे एका दैनिकाचे क्रीडापान लावले आणि परदेशी फुटबॉलचे निकाल जपून ठेवायची खोड मला तेव्हापासून आहे.

सरळ उत्तर आधी देतो. जुना माणूस सांगतो ते सामने झाले, निकालही तसेच लागले. रोमाविरुद्ध 1969 मध्ये, नापोलीविरुद्ध 1970 मध्ये, दोन्ही करंडक स्विंडनचे. पण त्या दोन्ही स्पर्धा यूएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, नव्हत्या, इंग्लंड आणि इटली या दोन देशांच्या आपसांतल्या होत्या, आणि आज दोन्ही बंद आहेत. म्हणजे आर्सेनलवाला कागदावर चुकत नाही. पण त्याने ज्या तोऱ्यात ते वाक्य टाकले आहे, तो तोरा त्याच्याच क्लबला महागात पडेल. ते कसे, ते शेवटी.

गोष्ट सुरू होते 15 मार्च 1969 च्या शनिवारी, वेम्बलीवर. लीग कपची, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्या विभागांतल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची अंतिम लढत, आर्सेनल विरुद्ध स्विंडन टाउन. आर्सेनल पहिल्या म्हणजे सर्वांत वरच्या विभागातले, स्विंडन तिसऱ्या. स्विंडन म्हणजे रेल्वेचे गाव, आपल्या भुसावळसारखे किंवा परळच्या वर्कशॉपभोवती वाढलेल्या वस्तीसारखे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना, त्याचा भोंगा आणि त्या भोंग्यावर चालणारे घराघरांतले घड्याळ. ब्रिटिश रेल्वेचे शेवटचे वाफेचे इंजिन 'इव्हनिंग स्टार' 1960 मध्ये इथेच बांधले गेले. अशा गावाचा संघ अंतिम फेरीत आला तोच मुळी घाम गाळून. उपांत्य फेरीत बर्नलीशी दोन सामन्यांच्या गोलांची बेरीज सारखी झाली म्हणून तिसरा खेळावा लागला आणि तो जादा वेळेत 3-2 ने सुटला.

त्या दिवशी वेम्बलीचे मैदान म्हणजे चिखल होता. आधी तिथे घोड्यांचा कार्यक्रम झाला होता, त्याने जमिनीची वाट लागलेली, वर पाऊस. आर्सेनलचे बरेच खेळाडू आठवडाभर आधी फ्लूने आडवे झाले होते. आर्सेनलचे लोक आजही पहिले कारण फ्लूचे देतात आणि दुसरे चिखलाचे. दोन्ही खरे आहेत, पण चिखल काही एकाच बाजूला नव्हता. बचावपटू इयान युअर आणि गोलरक्षक बॉब विल्सन यांच्यात घोळ झाला आणि रॉजर स्मार्टने स्विंडनला आघाडी दिली. स्विंडनचा गोलरक्षक पीटर डाउन्सबरो त्या दिवशी काय वाटेल ते अडवत होता. सामना संपायला चारेक मिनिटे उरली असताना मात्र तो पुढे धावला आणि बॉबी गूल्डने बरोबरी साधली. जादा वेळ. दमलेल्या पायांना गुडघाभर चिखल, आणि त्यात डाव्या बगलेवरचा डॉन रॉजर्स. पहिल्या सत्राच्या अखेरीस कॉर्नरनंतरच्या गर्दीत त्याने एक गोल केला. दुसरा अगदी शेवटी. मध्यरेषेजवळून चेंडू घेऊन तो एकटा सुटला, विल्सन पुढे आला, त्याला त्याने बगल दिली आणि रिकाम्या जाळीत चेंडू ढकलला. 3-1. वर अठ्ठ्याण्णव हजार माणसे.

आता मुद्द्याची गोष्ट. 1967 पासून लीग कप जिंकणाऱ्याला इंटर-सिटीज फेअर्स कपचे तिकीट मिळत असे. हा फेअर्स कप म्हणजे पुढच्या यूएफा कपचा थोरला भाऊ. पण तिकिटावर बारीक अक्षरात एक अट होती. जिंकणारा क्लब पहिल्या विभागातला हवा. 1967 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने 0-2 अशा पिछाडीवरून वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला 3-2 हरवून कप नेला, तेही तिसऱ्या विभागातले, त्यांनाही युरोपचे दार बंदच राहिले. दोन वर्षांनी स्विंडनचे तेच झाले. त्या मोसमात स्विंडन बढती मिळवून दुसऱ्या विभागात गेले होते, वॉटफर्डच्या बरोबरीने 64 गुण, फक्त गोलसरासरीने मागे. पण दुसरा विभाग म्हणजे पहिला नव्हे. अट ती अट.

फेअर्स कपचे स्वतःचे नियम किती सोवळे होते हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ही स्पर्धा 1955 मध्ये निघाली ती व्यापारी जत्रा भरवणाऱ्या शहरांसाठी. पहिली आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली आणि अंतिम फेरीत बार्सिलोनासमोर होता 'लंडन' नावाचा, अनेक क्लबांतून गोळा केलेला संघ. पुढे क्लब खेळू लागले, पण एका शहरातून एकच क्लब हा नियम टिकला. त्याच्या कृपेने न्यूकॅसल युनायटेड 1968 मध्ये लीगमध्ये दहावे येऊनही आत शिरले, आणि शिरले ते शिरले, 1969 मध्ये हंगेरीच्या उयपेस्टला हरवून करंडकही घेऊन गेले. म्हणजे दहावा आलेला चालतो, आर्सेनलला हरवून कप जिंकलेला चालत नाही. कायदा होता, त्याला लॉजिक विचारू नये.

स्विंडनवर अन्याय झाला असे इंग्लंडात अनेकांना वाटले आणि त्यातून तोडगा निघाला. इंग्लंडच्या लीग कपचा विजेता विरुद्ध इटलीच्या कोप्पा इतालियाचा विजेता, घरच्या आणि परतीच्या अशा दोन लढती. नाव अँग्लो-इटालियन लीग कप. अशा जुळवाजुळवीमागे जीजी पेरोनाचे हे नाव येतेच. हा कालाब्रियाचा माणूस, इंग्लंड-इटलीतल्या खेळाडूंच्या व्यवहारांचा त्या काळचा सर्वांत ओळखीचा दलाल. 1957 मध्ये वेल्सच्या जॉन चार्ल्सला लीड्सहून युव्हेंटसकडे नेण्यात त्याचाच हात होता. आज आपण एजंट म्हणतो ती जमात तेव्हा जेमतेम जन्माला आली होती, आणि पेरोनाचे त्यातला आद्य म्हणावा असा. त्याला दोन्ही भाषा येत होत्या, दोन्हीकडचे अध्यक्ष त्याला नावाने हाक मारत, आणि दोन देशांत सामने वाढले की त्याचेही दुकान चालत होते. त्यात वाईट काही नाही.

त्या वर्षी इटलीचा विजेता होता रोमा. प्रशिक्षक हेलेनिओ हेर्रेरा, म्हणजे मिलानच्या इंटरला 1964 आणि 1965 असे दोनदा युरोपियन कप जिंकून देणारा, बचावाच्या कुलुपासाठी जगभर ओळखला गेलेला माणूस. संघात फाबिओ कापेल्लो हा तरुण मिडफिल्डर. स्विंडनच्या बाजूला काय? लीग कप जिंकून देणारे डॅनी विल्यम्स तोवर शेफील्ड वेन्सडेला निघून गेले होते, फ्रेड फोर्ड नवे मॅनेजर. आर्थर हॉर्सफील्ड नावाचा नवा आघाडीपटू नुकताच आला होता. डाव्या बचावात जॉन ट्रॉलप, जो पुढे एकाच क्लबकडून 770 लीग सामने खेळला. हा विक्रम हातात घेऊन मिरवावा असा आहे, पण स्विंडनबाहेर फार जणांना तो माहीत नाही.

27 ऑगस्टला रोममध्ये रोमा 2, स्विंडन 1. एवढ्यावर सुटले म्हणजे स्विंडनच्या दृष्टीने छानच. 10 सप्टेंबरला बुधवारी रात्री काउंटी ग्राउंड या स्विंडनच्या मैदानावर परतीची लढत. स्विंडन 4, रोमा 0. हॉर्सफील्डची हॅट्ट्रिक, चौथा रॉजर्सचा. एकूण 5-2.

इथे माझ्यातला जुना उपसंपादक खाकरतो. इटलीचा हंगाम तेव्हा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होई, इंग्लंडचा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे स्विंडनच्या पायांत महिनाभराचे खरे सामने होते आणि रोमाच्या पायांत सरावाचे. हे धरायला हवे. पण धरून झाल्यावर दुसऱ्या पारड्यात हेही टाका. तीच रोमा त्याच मोसमात कप विनर्स कपच्या, म्हणजे देशोदेशीच्या कप विजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे पोलंडच्या गुर्निक झाब्झेशी तीन सामने खेळूनही निकाल लागेना, शेवटी नाणे उडवले आणि गुर्निक अंतिम फेरीत गेले. नाणे उलटे पडले असते तर स्विंडनकडून चार गोल खाल्लेला संघ व्हिएन्नात मँचेस्टर सिटीसमोर युरोपीय अंतिम सामना खेळला असता. तेव्हा रोमा म्हणजे काही सुटीवर आलेली मंडळी नव्हती.

त्या मोसमात स्विंडन दुसऱ्या विभागात पाचवे आले. क्लबच्या इतिहासात तोवर इतके वर कोणी गेले नव्हते. आणि मे उजाडला तो दुसऱ्या इटालियन प्रकरणासह.

1970 च्या उन्हाळ्यात मेक्सिकोत विश्वचषक होता, 31 मेपासून. त्यामुळे दोन्हीकडचे लीग हंगाम लवकर आटोपले. इटालियन क्लबांची अडचण अशी की खेळाडूंचे पगार जूनअखेरपर्यंत चालू, मैदानावर मात्र तिकीट विकायला सामना नाही. पगार चालू आणि गल्ला बंद, ही स्थिती कुठल्याही गावातल्या दुकानदाराला समजावून सांगावी लागत नाही. पेरोनाचेने मोठी स्पर्धा मांडली, अँग्लो-इटालियन कप. बारा क्लब. इटलीचे युव्हेंटस, रोमा, लाझिओ, फिओरेंटिना, नापोली आणि लानेरोसी विचेन्झा. इंग्लंडचे वुल्व्हज, वेस्ट ब्रॉमविच, सदरलँड नव्हे बरे का, संडरलँड (आमच्याकडे छापताना हे नाव दर वेळी मोडायचे), शेफील्ड वेन्सडे, मिडल्सबरो आणि स्विंडन. तीन गट, प्रत्येकात दोन इंग्लिश आणि दोन इटालियन, आणि सामने फक्त परदेशी संघाशी. गुण मोजायची पद्धत मला फार आवडते. विजयाला दोन, बरोबरीला एक, आणि त्याशिवाय केलेल्या प्रत्येक गोलामागे एक गुण. म्हणजे 4-3 हरलात तरी तीन गुण खिशात. बचावाच्या कुलुपाला ही सरळ लाच होती. सगळ्या गटांतून सर्वाधिक गुणांचा इंग्लिश क्लब आणि सर्वाधिक गुणांचा इटालियन क्लब, यांची अंतिम लढत.

इंग्लंडकडून स्विंडन, इटलीकडून नापोली. एकच सामना, 28 मे 1970, नेपल्सच्या सान पाओलो मैदानावर. आता त्याच मैदानाला मॅराडोनाचे नाव आहे. तटस्थ मैदान वगैरे प्रकार नव्हता. 1970 ते 1973 या चारही वर्षी अंतिम सामना इटालियन संघाच्या घरीच झाला, कारण पैसा तिथे जमणार होता.

पीटर नोबलने पहिला गोल केला. उत्तरार्धात त्यानेच दुसरा केला. मग हॉर्सफील्डचा तिसरा. तिसऱ्या विभागातून वर्षभरापूर्वी वर आलेला रेल्वेच्या गावचा संघ नापोलीच्या अंगणात 3-0 पुढे. पाहायला आलेल्या नापोलीकरांना ते सोसवले नाही. बाटल्या आल्या, दगड आले, बाकांचे तुकडे आले. 79 व्या मिनिटाला पंचांनी खेळ थांबवला तो पुन्हा सुरू झालाच नाही. स्विंडनला विजेते ठरवले गेले आणि करंडक त्यांच्या हाती आला.

इथेही खाकरायला हवे. विश्वचषक तीन दिवसांवर होता आणि नापोलीचा गोलरक्षक दिनो झोफ व मधल्या फळीतला अंतोनिओ युलियानो हे दोघे इटलीच्या चमूसोबत मेक्सिकोत होते. झोफ गोलात असता तर तीन गोल झाले असते का, हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. स्विंडनच्या वतीने मी एवढेच म्हणेन की त्यांनी स्पर्धेला आलेल्या संघाला हरवले, आणि संघ कोणता पाठवायचा हे काही ते ठरवत नव्हते.

एक धंद्यातली गोष्ट, कारण तुमच्या पैजेत ती वादाला कारण होणार. इंग्रजी नोंदीत या सामन्यापुढे 'अबँडन्ड' असा शेरा दिसतो. आमच्या टेबलावर नवी मुले याचे भाषांतर 'रद्द' असे करत. रद्द म्हणजे सामना झालाच नाही, निकाल शून्य. तसे इथे नाही. हा सामना 'अर्धवट थांबवला', आणि थांबवल्यानंतर त्याचे काय करायचे हा वेगळा निर्णय असतो. कधी तो पहिल्या मिनिटापासून पुन्हा खेळवतात, कधी उरलेली मिनिटे खेळवतात, कधी थांबला त्या क्षणीचा निकाल कायम धरतात. नेपल्सला तिसरा प्रकार झाला. तेव्हा आर्सेनलवाला जर म्हणाला की सामना रद्द झाला होता, तर त्याला हा फरक सांगा. अकरा मिनिटे राहिली होती, गोल तीनच होते, आणि ते तिन्ही एकाच बाजूचे होते.

पुढच्या आवृत्त्यांबद्दल फार बोलत नाही. 1971 मध्ये ब्लॅकपूलने बोलोन्याला जादा वेळेत 2-1 हरवले. 1972 मध्ये तेच ब्लॅकपूल रोमाकडून 3-1 हरले. 1973 मध्ये न्यूकॅसलने फ्लोरेन्सला जाऊन फिओरेंटिनाचा 2-1 पाडाव केला, आणि मोठ्या क्लबांची ही स्पर्धा तिथेच मिटली. लीग कप विजेत्यांची ती दोन सामन्यांची लढत वेगळी चालू होती. 1971 मध्ये टॉटनहॅमने तोरिनोला दोन्हीकडे हरवून ती जिंकली. नंतर 1976 ते 1986 या काळात अर्धव्यावसायिक क्लबांना घेऊन अँग्लो-इटालियन स्पर्धा चालवली गेली. त्यात 1979 मध्ये लंडनच्या कडेच्या सटन युनायटेडने किएतीला हरवून करंडक नेला. आजही सटनच्या जुन्या लोकांशी बोललात तर पाच मिनिटांत विषय किएतीवर येतो म्हणतात, आणि मला ते खोटे वाटत नाही.

1992 मध्ये दोन्ही देशांच्या दुसऱ्या विभागातल्या क्लबांसाठी ही स्पर्धा पुन्हा निघाली, अंतिम सामना आता वेम्बलीवर. इथे माझी स्वतःची फजिती येते. मार्च 1995. रात्रीचे साडेदहा, पान जवळजवळ बंद झालेले, एजन्सीवरून चार ओळी आल्या की नॉट्स काउंटीने वेम्बलीवर इटलीच्या अस्कोलीला 2-1 हरवून करंडक जिंकला. तळाला दोन इंच जागा होती. मी मथळा दिला, 'नॉट्स काउंटी युरोपीय विजेते'. सकाळी आमचे वरिष्ठ पान हातात घेऊन उभे. "युरोपात दोनच देश राहिले का रे?" एवढेच बोलले. त्यानंतर कुठल्याही करंडकाची बातमी लावताना मी आधी तीन गोष्टी बघायला लागलो. भरवणारा कोण, आत यायला काय लागते, आणि संघ पूर्ण ताकदीने खेळले का. मथळा सर्वांत शेवटी.

नॉट्स काउंटीचे ते प्रकरण मात्र तसे गमतीदार आहे, म्हणून दोन मिनिटे घेतो. 1862 ची स्थापना, जगातला सर्वांत जुना व्यावसायिक क्लब म्हणून मान. 1903 मध्ये युव्हेंटसने गुलाबी सोडून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घेतले ते नॉटिंगहॅमहून मागवलेले, नॉट्स काउंटीचे. त्यांचे इटलीशी नाते असे जुने. 1994 मध्ये ते अंतिम फेरीत ब्रेशाकडून 1-0 हरले. ब्रेशाच्या संघात घेओर्घे हाजी होता, तोच हाजी ज्याने तीन-चार महिन्यांनी अमेरिकेतल्या विश्वचषकात रुमानियाला उपांत्यपूर्व फेरीत नेले. पुढच्या वर्षी टोनी अगाना आणि डेव्हॉन व्हाइट यांच्या गोलांवर ते जिंकले, हॉवर्ड केंडल मॅनेजर असताना. आणि गंमत पाहा, काही आठवड्यांतच केंडलना काढले, आणि त्याच मोसमात संघ तळाला राहून खालच्या विभागात घसरला. वेम्बलीवर तो विजय पाहायला होते 11,704 प्रेक्षक. अख्ख्या वेम्बलीत अकरा हजार म्हणजे लग्नाच्या मोठ्या हॉलमध्ये पहिल्या दोन ओळीच भराव्यात, तसे. पहिल्या वर्षी डर्बी-क्रेमोनेझे सामन्याला सदतीस हजार आले होते. दोन वर्षांत आकडा एवढा उतरला.

मरणाची कारणे त्यातच दिसतात. मोठे क्लब त्यात नव्हते, प्रेक्षक नव्हते, दोन लीगना सामन्यांच्या तारखा जुळवता येईनात. त्यात मैदानावरची हाणामारी. 1995 मध्ये बर्मिंगहॅम सिटी अंकोनाला खेळायला गेले तो सामना इंग्लंडात 'अंकोनाची लढाई' म्हणूनच ओळखला जातो. नेपल्सला प्रेक्षक भांडले होते, इथे खेळाडू आणि प्रशिक्षक मंडळीही. 1996 मध्ये जेनोआने पोर्ट व्हेलला 5-2 हरवले आणि दुकानाला कायमचे कुलूप लागले. कोणी शोकसभा घेतली नाही.

ज्या अटीमुळे हे सगळे घडले, ती अटही राहिली नाही. 2011 मध्ये बर्मिंगहॅमने लीग कप जिंकला, त्याच मोसमात ते प्रीमियर लीगमधून खाली गेले, आणि तरीही पुढच्या मोसमात दुसऱ्या विभागात असताना युरोपा लीग, म्हणजे नाव बदललेला यूएफा कप, खेळले. स्विंडनने हे बेचाळीस वर्षे आधी मागितले होते.

आता निकाल. 'युरोपात खेळणे' याचा अर्थ तुम्ही दोघा-तिघांनी आधी ठरवला नाही, पैज तिथेच चुकली. अर्थ जर 'यूएफाच्या स्पर्धेत खेळणे' असा असेल, तर स्विंडन टाउनच्या नावापुढे त्या रकान्यात काही नाही आणि आर्सेनलवाला जिंकला. अर्थ जर 'युरोपातल्या दुसऱ्या देशाच्या पहिल्या दर्जाच्या क्लबांना खऱ्या करंडकासाठी हरवणे' असा असेल, तर जुना माणूस जिंकला, आणि चांगल्या फरकाने जिंकला.

पैज सोडवायची असेल तर आर्सेनलवाल्याला मी सांगतो ते विचारा. 1970 मध्ये आर्सेनलने कोणता करंडक जिंकला? तो आनंदाने सांगेल, फेअर्स कप. पहिली लढत अँडरलेख्टकडे 3-1 हरल्यावर 28 एप्रिलला हायबरी या आपल्या मैदानावर 3-0, सतरा वर्षांनंतर क्लबला मिळालेला पहिला करंडक. हा तोच फेअर्स कप, ज्याचे दार स्विंडनला बंद झाले. आर्सेनलला मात्र ते लीगमधल्या चौथ्या क्रमांकावर उघडले, वेम्बलीवर हरूनही. नंतर बरोबर एका महिन्याने, 28 मे रोजी, स्विंडन नेपल्सला तीन गोलांनी पुढे होते.

मग दुसरा प्रश्न विचारा. फेअर्स कप कोण भरवत होते? यूएफा नव्हे. तो स्वतंत्र समितीचा होता. 1971 मध्ये यूएफाने त्या जागी आपला यूएफा कप आणला. सप्टेंबर 1971 मध्ये जुना करंडक कायमचा कोणी ठेवायचा यासाठी पहिला विजेता बार्सिलोना आणि शेवटचा विजेता लीड्स यांच्यात एक सामना झाला, बार्सिलोनाने तो 2-1 जिंकून करंडक घरी नेला, आणि खाते बंद झाले. यूएफा आपल्या स्पर्धांच्या अधिकृत यादीत फेअर्स कप आजही धरत नाही.

म्हणजे त्याने यूएफाची पट्टी काढली, तर स्विंडनचे दोन करंडक जातातच, पण हायबरीचा तोही जातो. तो तोंड वाकडे करून म्हणेल, "पण फेअर्स कप मोठा होता." होता, यात वादच नाही, अनेक देशांचे क्लब खेळत. मीही नोंदवहीत दोघांना एका ओळीत लिहिलेले नाही. पण मोठा-छोटा ही वेगळी पट्टी झाली, अधिकृत-अनधिकृत ही नव्हे. त्याला कोणती हवी ते त्यालाच ठरवू द्या.

माझ्या वहीतली नोंद जशीच्या तशी देतो, हवी तर छापून गोदामाच्या फळ्यावर लावा. 'स्विंडन टाउन. 1969, अँग्लो-इटालियन लीग कप, रोमाविरुद्ध 1-2 आणि 4-0, विजेते. 1970, अँग्लो-इटालियन कप, नापोलीविरुद्ध 3-0, सामना 79 व्या मिनिटाला थांबवला, विजेते. यूएफा स्पर्धा, निरंक.'

शुक्रवारचे जेवण तिघांनी वाटून भरा. आणि कधी काउंटी ग्राउंडला गेलात तर दक्षिणेकडच्या स्टँडवरचे नाव वाचा, डॉन रॉजर्स. त्या जुन्या माणसाला सोबत न्या, चिखलातला तो दुसरा गोल तो तुम्हाला पावलापावलाने करून दाखवेल.